कल

म्हातारी म्हणाली, "छातीन कल येते." डॉक्टरांनी पेन थांबवून विचारलं, "कल आए थे? तो कल का कागज दिखाइए."

आमच्या इथल्या सरकारी ओपीडीत एका खोलीत एका वेळी तीन पेशंट असतात. एक स्टुलावर, दुसरा त्याच्या पाठीशी, तिसरा पडद्यात अर्धा आत अर्धा बाहेर. मी दुसरा होतो, हातात शुगरच्या रिपोर्टची सुरळी. रुग्णालयाचं नाव लिहीत नाही. ठाणे-वाशी लोकलच्या पट्ट्यातलं आहे एवढं पुरे. म्हातारीनं पिशवी उपसायला घेतली. पिशवीत साडीच्या दुकानाची पिशवी, तिच्यात गाठ मारलेली तिसरी, आणि त्या गाठीत रेशनकार्डाची झेरॉक्स, आधार, डोळ्यांच्या शिबिराची जुनी चिठ्ठी. कालचा कागद कुठून निघणार? काल ती आलीच नव्हती. "कल नाय रं, कल येते, कल," असं म्हणत ती छातीच्या मधोमध मूठ दाबून दाखवत होती. डॉक्टर सत्तावीस-अठ्ठावीसचे असतील, दोन रात्रींचं जागरण डोळ्यांखाली साचलेलं. ते परत विचारत होते, "हाँ हाँ, कल. पर कल देखा किसने?"

मला हसू आलं, कबूल करतो. मग ती मूठ दिसली. पाठीवरच्या शिरा वर आलेल्या, हिरव्या बांगड्या कोपरापर्यंत घसरलेल्या, आणि मूठ पोलक्यावर इतकी दाबलेली की बोटं पांढरी पडली होती.

घरी येऊन बायकोला सांगताना मी म्हटलं, हिंदीवाल्यांना ळ येत नाही, त्यामुळे घोळ झाला. सांगता सांगताच जाणवलं की हे खरं नाही. डॉक्टरांच्या कानाचा काहीच दोष नव्हता. म्हातारी आगरी. इकडच्या आगरी बोलीत डोळा तो डोला, काळा तो काला, तशी कळ ती कल. तिनं "कल" म्हटलं आणि त्यांनी "कल"च ऐकलं. ळ फक्त माझ्या डोक्यात होता, शाळेत शिकलेला. (तिची वाक्यं इथे लिहितोय तीही माझ्या कानानं टिपलेली आहेत. आगरी वाचकांना चुका दिसतील, त्या माझ्या.)

"भाईसाब, आप मराठी हो? जरा पूछिए ना इनसे." झालं, नेमणूक झाली. मी म्हटलं, "कल मतलब दर्द." डॉक्टरांनी मान हलवली, लिहिलं. पण दर्द म्हणजे कळ नव्हे, हे तोंडातून निघाल्याबरोबर खटकलं. दुखणं बसून असतं. कळ येते, वर चढते, माणसाला वाकवते आणि जाते. बाळंतपणात कळा येतात, त्यांना कोणी दुखणं म्हणत नाही. ठणका नाडीच्या तालावर पडतो, ठसठस गळवात, सणक दातात, उसण पाठीत भरते, पोटात मुरडा येतो, पायात गोळे, आणि जखमेवर मीठ लागल्यासारखं होतं ती चुरचुर. कॅनडातल्या रोनाल्ड मेलझॅक या मानसशास्त्रज्ञाने 1975 साली दुखण्याची प्रश्नावली छापली, तिच्यात इंग्रजीतले 78 शब्द होते, गटागटांत लावलेले, कारण रोगी कोणता शब्द उचलतो यावरून दुखण्याचा स्वभाव कळतो. आपल्याकडे अशी यादी माझ्या आजीच्या तोंडात होती. डॉक्टरांना त्यातला माझ्याकडून एकच शब्द मिळाला, तोही हिंदी सिनेमातल्या गाण्यात शोभणारा.

मी मग जरा सुधारणा केली. "रुक रुक के आता है, डॉक्टर. आता है, जाता है." ते एकदम सरळ बसले. "चलने पे आता है? सीढ़ी चढ़ने पे?" इथवर मी बरा चाललो होतो.

पुढचा प्रश्न होता, "कबसे?"

त्याच्याकडे वळण्याआधी थोडं मागे जातो. हे काम मी पहिल्यांदा केलं ते 1987 साली, दहा वर्षांचा असताना. आम्ही तेव्हा ठाण्यात नौपाड्यात राहायचो. वडील वागळे इस्टेटमध्ये पाळीवर, आई धाकट्या बहिणीला घेऊन घरी, म्हणून आजीबरोबर डॉक्टरीणबाईंकडे मला धाडलं. बाई दक्षिणेकडच्या. इंग्रजी खणखणीत, हिंदी मोडकी, मराठी नाही. आजी संगमेश्वराकडची, तिला हिंदी रेडिओपुरतं. हिरवा पडदा, स्पिरिटचा वास, वजनाच्या काट्यावर मी दोनदा उभा राहिलो ते आठवतं. आजी हळू आवाजात म्हणाली, "सांग त्यांना, अंगावरून जातंय." मी छाती काढून म्हटलं, "बदन के ऊपर से जाता है." बाई गोंधळल्या. "क्या जाता है? कौन?" मी आजीला विचारलं, "आजी, काय जातंय?"

आजीनं माझ्याकडे पाहिलं. मग भिंतीवरच्या कालनिर्णयकडे. मग म्हणाली, "काही नाही. कंबर दुखते म्हणून सांग."

"कमर दुखता है," मी सांगितलं. बाईंनी कॅल्शियमच्या गोळ्या आणि चोळायला मलम दिलं. परत येताना गोखले रोडवर आजीनं मला लिमलेटच्या गोळ्यांची पुडी घेऊन दिली, "बरं बोलतोस हो हिंदी," म्हणाली. आठ महिन्यांनी आईला तिच्या लुगड्यावर डाग दिसला. पाळी जाऊन दहा वर्षं झालेली बाई. अशा वयात पुन्हा रक्त दिसलं की कोणताही डॉक्टर लगेच तपासण्या लावतो, कारण गर्भाशयाच्या कॅन्सरची ती पहिली खूण असू शकते. तिची पिशवी काढली. गाठ होती, पण वेळेत निघाली, पुढे चौदा वर्षं आजी जगली, तक्रार न करता. हे सगळं मला कॉलेजात असताना आईकडून कळलं, तेही दिवाळीच्या फराळाला बसलेलो असताना, गंमत म्हणून. "बदन के ऊपर से" वर सगळे पोट धरून हसले. मीही हसलो. चकलीचा तुकडा मात्र बराच वेळ तोंडात फिरत राहिला.

अमेरिकेत 2010 च्या आरोग्य कायद्यात 1557 नावाचं कलम आहे. त्याखाली 2016 साली नियम आले. आणीबाणी असेल तेवढंच सोडून, रोग्याच्या लहान मुलाला दुभाष्या म्हणून वापरायचं नाही. हे वाचलं तेव्हा मला ते कलम कायद्याचं वाटलंच नाही. कुणीतरी आमच्या नौपाड्याच्या दवाखान्यात पडद्यामागे उभं राहून ते लिहिलं असावं असं वाटलं. मुलाला शब्द येत नाही ही अर्धीच अडचण. आजीला तो शब्द नातवाच्या तोंडात घालायचा नव्हता, ही उरलेली.

आपल्याकडे असा नियम नाही, आणि असता तरी दुभाषे कुठून आणणार? आमच्या रुग्णालयांत ते काम मावशी करतात. दारात स्टूल टाकून बसलेली, नंबर पुकारणारी, पेशंटला हाताला धरून आत ढकलणारी मावशी. तुर्भ्याच्या दगडखाणींतली वडार बाई आली तर तिची घरची बोली तेलुगूच्या अंगाची. इमारतीवर काम करणारी लमाणी बाई कर्नाटकातून आलेली. कारखान्यातला पोरगा बलिया नाहीतर छपऱ्याकडचा, भोजपुरी बोलणारा. मावशी सगळ्यांशी एकाच भाषेत बोलते, आणि ती भाषा तिनं स्वतः बनवली आहे. "क्या हुवा? उलटी? संडास पतली? कितना टाइम गया? बोटं दिखाव." तिचं भाषांतर चार शब्दांचं असतं, आणि वाईट याचं वाटतं की माझ्यापेक्षा बरं असतं, कारण तिला शोभेची हौस नाही. "झुनझुनी म्हणजे मुंग्या, गॅस चढ़ गया म्हणजे छातीत दुखतंय, त्याला आधी आत घ्यायचं," असं ती एकदा नवीन सिस्टरला समजावत होती. मी ऐकलं आहे. गॅस म्हणणाऱ्याला आधी आत घ्यायचं, हे कोणत्या पुस्तकात वाचून तिला कळलं?

आणि आपल्या केरळच्या सिस्टर. माझ्या वडिलांच्या शेवटच्या आजारपणात एक सिस्टर रोज सकाळी विचारायची, "अप्पा, वेदना?" वडिलांना वाटायचं, काय शुद्ध मराठी बोलते ही! मल्याळममध्ये दुखण्याला साधा रोजचा शब्दच वेदना आहे हे मला नंतर कळलं. तिच्या लेखी ती फक्त "दुखतंय का" एवढंच विचारत होती. वडिलांना मात्र तो शब्द इतका भारदस्त वाटायचा की ते उत्तर द्यायचे, "नाही नाही, वेदना वगैरे नाहीत. जरा दुखतंय." सिस्टर तक्त्यावर लिहायची, दुखणं नाही. दोन दिवस हे चाललं. तिसऱ्या दिवशी तिनं त्यांचा कपाळावर आठ्या घातलेला चेहरा पाहिला आणि शब्द सोडून दिला. नुसती हाताची पाच बोटं दाखवून विचारलं, किती?

ऑस्ट्रेलियात 1973 पासून फोनवर दुभाष्या मिळतो. आपल्याकडे 2022 साली सरकारने भाषिणी ही यंत्राकडून भाषांतर करून देणारी सेवा सुरू केली, आणि खिशातल्या फोनमध्ये भाषांतराची ॲपं आहेतच. बाहेर पडल्यावर बाकावर बसून मी एका ॲपला सांगून पाहिलं, "पायाला मुंग्या येतात." त्यानं इमानदारीनं इंग्रजीत मुंग्या आणल्या, सहा पायांच्या. यंत्राला हसण्याचा मला अधिकार नाही. बदन के ऊपर से जाता है, हे माझंच. शिवाय मुंग्या पुढेमागे ते शिकेल. दुभाष्याच्या चुका कुठे होतात यावर 2003 साली अमेरिकेत एक अभ्यास छापून आला. लहान मुलांच्या तपासणीच्या 13 भेटी ध्वनिमुद्रित करून मोजल्या तर 396 चुका निघाल्या, भेटीमागे 30 च्या वर. मला वाटलं होतं, चुका म्हणजे शब्दाला भलता शब्द. तसं नव्हतं. निम्म्याहून जास्त चुका एकाच प्रकारच्या होत्या, वगळण्याच्या. रोगी बोलला आणि मधला माणूस ते बोललाच नाही.

त्याहून जुनी एक हकिगत डॉक्टर मंडळींत प्रसिद्ध आहे. 1980, फ्लोरिडा. विली रामिरेझ नावाचा 18 वर्षांचा क्यूबन घरातला मुलगा बेशुद्ध होऊन रुग्णालयात आला. घरचे म्हणाले, "इंतोक्सिकादो." त्यांच्या बोलण्यात याचा अर्थ, खाण्यापिण्यातून काहीतरी बाधलं. अगदी आपलं "बाधलं" असतं तसंच. डॉक्टरांनी जवळचा इंग्रजी शब्द ऐकला, नशा. उपचार सुरू झाले ते ड्रग्ज घेतल्याचे, आणि मेंदूत रक्तस्राव होत राहिला. मुलगा वाचला, पण चारही हातपाय लुळे पडले. नुकसानभरपाई ठरली सुमारे 7 कोटी 10 लाख डॉलर. दुभाष्या कुणी मागितलाच नाही, कारण सगळ्यांना वाटलं की समजलं आहे. मला परत तो "कल" आठवतो. डॉक्टरांना काहीच कळलं नसतं तर त्यांनी मावशीला हाक मारली असती. कळल्यासारखं झालं म्हणून ते कालचा कागद मागत बसले.

तर प्रश्न होता, कबसे.

मी विचारलं, "आई, कधीपासून येते कळ?" ती म्हणाली, "माजा पोऱ्या गेला ना, तवापासून. नारली पुनवेचे दुसरे दिशी." आणि मग बांध फुटावा तसं पुढचं आलं. पोऱ्या होडीवर जायचा का नोकरीला, ते मला धड कळलं नाही. रात्री ती उशाशी दिवा ठेवते, दिवा असला की कल कमी येते. त्याचं ताट अजून वाढलं जातं, सूनबाई ओरडते. हे सगळं ती माझ्याकडे बघून सांगत होती, डॉक्टरांकडे नाही. डॉक्टर माझ्याकडे बघत होते. पाठीमागे पडद्यातला तिसरा पेशंट खोकला, मुद्दाम. बाहेर मावशी चौपन्न नंबर पुकारत होती. मी बोटांवर मोजलं. नारळी पौर्णिमा ते आता दिवाळीची सफाई चालू आहे, म्हणजे अडीच महिने.

"गेला" कसं सांगायचं? "चला गया" म्हटलं तर दुबईला गेला असंही होईल. "मर गया" मला येत होतं, पण एवढं हिंदी तिलाही येतं. ती माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि तिच्या समोर, तिच्या मुलाबद्दल, "मर गया" असं मला म्हणता येईना. तिनं स्वतः तो शब्द वापरला नव्हता. मग मी म्हटलं,

"ढाई महीने से. और घर में टेन्शन है."

डॉक्टरांच्या चेहऱ्यावर किती लख्ख समजलं! टेन्शन. बीपी, शुगर, गॅस, अटॅक, टेन्शन, हे शब्द बलियापासून बेलापूरपर्यंत कुठेही अडत नाहीत. त्यांनी कागदावर काहीतरी खरडलं, त्यापुढे प्रश्नचिन्ह काढलं, ईसीजी लिहिला, ॲसिडिटीची गोळी लिहिली. मग मला म्हणाले, "वो शब्द फिर से बोलिए." त्यांनी वहीच्या शेवटच्या पानावर यादी केली होती. दुखतंय, कधीपासून, जीभ दाखवा, उताणे झोपा, पोटात आग. सरकारी मेडिकल कॉलेजांतल्या पीजीच्या निम्म्या जागा देशभरातून भरतात, तसेच हे आलेले, घरी मैथिली बोलणारे. म्हणजे त्या खोलीत हिंदी आम्हा तिघांपैकी कुणाचीच नव्हती. "कळ," मी म्हटलं. त्यांनी लिहिलं "कड़", खाली ठिपका देऊन. दुरुस्त करायला मी पेन मागितलं नाही.

"इनको बोलिए, ज़्यादा सोचें नहीं. उमर है," ते म्हणाले. मी तिला सांगितलं, "डॉक्टर म्हणतात, काळजी करू नका, बरं वाटेल." दोन्हीकडून गाळून झालं.

"गुजर गए" हा शब्द मला संध्याकाळी आठवला, भाजी निवडताना. सरळ, सभ्य, तिला टोचलाही नसता. रात्री झोप येईना म्हणून फोनवर चाळत बसलो, तर ताकोत्सुबो नावाचं प्रकरण हाती लागलं. 1990 साली जपानी डॉक्टरांनी त्याचं वर्णन केलं. मोठा धक्का बसला, जवळचं कुणी गेलं, की काही जणांच्या हृदयाचा डावा कप्पा फुग्यासारखा फुगतो, छातीत दुखतं, हुबेहूब हार्ट अटॅक वाटावा असं. त्यात पाळी गेलेल्या बायका सगळ्यात जास्त. फुगलेल्या कप्प्याचा आकार जपानी कोळी ऑक्टोपस पकडायला मडकं वापरतात तसा दिसतो, म्हणून नाव ताकोत्सुबो. बहुतेक जण काही आठवड्यांत बरे होतात. तिला तेच झालं असेल असं माझं म्हणणं नाही, अडीच महिने त्यात बसतही नाहीत. पण मुलगा कधी गेला हे डॉक्टरांनी विचारायच्या प्रश्नांत येतं, आणि ते उत्तर तिनं तिथीसकट दिलं होतं. खाडीकाठच्या बाईचं दुखणं जपानी कोळ्यांच्या मडक्यापर्यंत पोचू शकत होतं. ते मी टेन्शनमध्ये गुंडाळून ठेवलं, कारण मला एक शब्द उच्चारायची लाज वाटली.

ईसीजीच्या रांगेत ती माझ्या आधी पोचली होती. माझा शुगरचा कागद दाखवून मी बाहेर आलो तेव्हा भिंतीला टेकून फरशीवर बसलेली, तीन पिशव्या पुन्हा एकात एक. मला पाहून तिनं हाक मारली, "ए बाला." मी वाकलो.

"त्याला सांगलास ना, माजा पोऱ्या गेला?"

आत कुणाचं तरी नाव पुकारलं जात होतं. मी म्हटलं, "हो आई, सांगितलं."

तिनं दोन्ही तळवे माझ्या गालांवरून फिरवले, आपल्या कानशिलांवर नेले, आणि कडाकडा बोटं मोडली.